विश्लेषण : शिकाऱ्याने कापलेल्या धनुष्यातून जगज्जेते कसे घडले? कोण होते हॉलिस ॲलन?

अदिती स्वामी आणि ओजस देवतळे या साताऱ्यात सराव करणाऱ्या दोन तिरंदाजांनी ५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनमध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत वैयक्तिक सुवर्णपदके पटकावली आणि ‘कम्पाऊंड’ हा शब्द महाराष्ट्रात अनेकांनी पहिल्यांदा ऐकला. त्यांच्या हातातील धनुष्य चित्रातल्या धनुष्यासारखे दिसत नव्हते. दोन्ही टोकांना चाके, मध्ये दोरी आणि तारांचे जाळे, धरण्याच्या जागी धातूची मूठ. हे धनुष्य मुळात खेळासाठी तयारच झाले नव्हते. अमेरिकेतील मिसुरी राज्यातील एका हौशी शिकाऱ्याने हरणाच्या शिकारीसाठी ते बनवले. हॉलिस विल्बर ॲलन (१९०९-१९७९) हे त्यांचे नाव. त्यांचा शोध, त्यावरून झालेले वाद आणि शिकारीला बंदी असलेल्या महाराष्ट्रात त्या शोधाला मिळालेले नवे आयुष्य, यांचा हा आढावा.

हॉलिस ॲलन कोण होते?

ॲलन हे विद्यापीठातील संशोधक किंवा शस्त्रनिर्मिती कारखान्यातील अभियंते नव्हते. हाताने खटपट करणारे, हत्यारे दुरुस्त करणारे आणि हंगाम आला की धनुष्य घेऊन रानात जाणारे ते शिकारी होते. त्यांच्या तरुणपणी अमेरिकेत बंदुका सहज मिळत होत्या. तरीही धनुष्याने शिकार करणाऱ्यांचा एक वर्ग तयार होत होता. त्याची सुरुवात कॅलिफोर्नियात झाली. याही जमातीतील इशी हा आदिवासी १९११ मध्ये एकटाच रानातून बाहेर आला. सॅक्स्टन पोप या शल्यविशारदाने त्याच्याकडून धनुष्य करणे आणि चालवणे शिकून घेतले. पोप यांनी १९२३ मध्ये लिहिलेल्या पुस्तकामुळे अनेकांना ही गोडी लागली. पुढे विस्कॉन्सिन राज्याने १९३४ मध्ये केवळ धनुष्यधारी शिकाऱ्यांसाठी हरणाच्या शिकारीचा स्वतंत्र हंगाम ठेवला आणि हळूहळू इतर राज्यांनीही तो मार्ग धरला.

या हंगामात बंदूक चालत नसे. त्यामुळे हातात लाकडाचे सरळ धनुष्य किंवा टोके पुढे वळलेले ‘रिकर्व्ह’ धनुष्य, एवढेच पर्याय होते. ॲलन रिकर्व्ह वापरत. त्यांची अडचण बहुतेक शिकाऱ्यांची होती. नेम बरोबर असूनही हरीण निसटत असे.

नेम बरोबर असून हरीण का सुटायचे?

याचे उत्तर वेगाच्या हिशेबात आहे. दोरी सुटली की आवाज होतो आणि तो सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने जातो. त्या काळच्या रिकर्व्ह धनुष्याचा शिकारी बाण सेकंदाला साधारण ५५ मीटर जात असे. हरीण २५ मीटरवर उभे असेल तर आवाज त्याच्या कानावर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आतच पोहोचतो, बाणाला मात्र जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. पांढऱ्या शेपटीचे अमेरिकी हरीण आवाज येताच पळण्यासाठी आधी पाय दुमडून अंग खाली घेते. तेवढ्यात बाण पाठीवरून निघून जातो किंवा भलत्याच जागी लागतो. दुसरी शक्यता अधिक वाईट. जखमी जनावर पळून जाते, शिकाऱ्याच्या हाती लागत नाही आणि रानात तडफडून मरते.

उपाय सरळ वाटतो. जास्त ताकदीचे धनुष्य घ्यावे, म्हणजे बाण वेगाने जाईल. पण जुन्या धनुष्याचा स्वभाव आडवा येतो. ते जितके मागे ओढावे तितके जड होत जाते. दोरी पूर्ण ताणलेली असते, म्हणजे नेमक्या नेम धरण्याच्या क्षणी, हातावर सर्वांत जास्त भार असतो. ५० पौंडांच्या धनुष्यात हा भार सुमारे २३ किलोंचा. हरीण झाडाआडून बाहेर येईपर्यंत तो तोलून धरणे कठीण. हात थरथरतो, नेम ढळतो किंवा घाईत बाण सुटतो. धनुष्याची ताकद वाढवली तर वेग मिळतो, पण स्थिरता जाते.

ॲलन यांनी नेमके काय केले?

१९६०च्या दशकात ॲलन यांनी घरीच प्रयोग सुरू केले. रिकर्व्ह धनुष्याची वळलेली टोके कापून त्यांनी तिथे चाके बसवली आणि दोरी त्यांवरून फिरवली. जड ओझे उचलायला कप्पी वापरतात, तोच विचार यामागे होता. पण साध्या कप्पीने मूळ अडचण सुटत नव्हती. विहिरीवरच्या रहाटाचा आस चाकाच्या बरोबर मध्यभागी असतो, म्हणून बादली वर येईपर्यंत जोर सारखाच लागतो. ॲलन यांना सारखा जोर नको होता, शेवटी कमी होणारा जोर हवा होता.

मग त्यांनी आसाचे भोक चाकाच्या मध्याऐवजी बाजूला घेतले. सगळा शोध या एका बदलात आहे. चाक असे कडेच्या आसावर फिरू लागले की दोरीला मिळणारी तरफ प्रत्येक क्षणी बदलते. ओढायला सुरुवात करताना दोरीच्या वाट्याला छोटी तरफ येते आणि दुसऱ्या पात्याला बांधलेल्या तारेच्या वाट्याला मोठी. त्यामुळे भार लवकर वाढतो आणि पात्यांत भरपूर ऊर्जा साठते. चाक फिरत गेले की उलटे होते. दोरीची तरफ मोठी, तारेची लहान. दोरी पूर्ण ताणली जाते तेव्हा हातावरचा भार एकदम उतरतो, पात्यांतील ऊर्जा मात्र तशीच साठलेली राहते.

या उतरणीला तिरंदाजीत ‘लेट-ऑफ’ म्हणतात. पहिल्या धनुष्यांत ती बेताची होती. आजच्या शिकारी धनुष्यांत ती ७० ते ८० टक्के, कधी त्याहूनही अधिक असते. म्हणजे ६० पौंडांचे, सुमारे २७ किलो ओढीचे धनुष्य पूर्ण ताणल्यावर हाताला जेमतेम सात किलोंचे लागते. बाणाचा वेगही सेकंदाला ९० मीटरच्या पुढे जाऊ शकतो. तेच २५ मीटरवरचे हरीण आता अर्ध्याऐवजी साधारण पाव सेकंदात गाठता येते.

ॲलन यांनी २३ जून १९६६ रोजी पेटंटसाठी अर्ज केला. ३० डिसेंबर १९६९ रोजी त्यांना पेटंट मिळाले. त्याच्या शीर्षकात ‘कम्पाऊंड’ हा शब्द नव्हता. ओढीचे बळ वाढवणारी जोडणी असलेले धनुष्य, असे त्याचे साधे वर्णन होते.

गुंजवण्याच्या परिसरातील जुनी कमान याहून वेगळी कशी?

धनुष्याची ताकद वाढवण्याची धडपड ॲलन यांच्यापासून सुरू झाली नाही. पुणे जिल्ह्यातील गुंजवणे हे राजगडाच्या पायथ्याचे गाव. गिर्यारोहक इथूनच चोरदरवाजाच्या वाटेने पद्मावती माचीवर चढतात. सतराव्या शतकात राजगड सुमारे २५ वर्षे स्वराज्याची राजधानी होता. त्या काळात दख्खनच्या लढायांत तोफा-बंदुका आल्या होत्या, तरी तिरंदाजही होते. त्या वेळच्या घोडदळातील उत्तम कमान एकाच लाकडाची नसे. मध्ये लाकडाची पट्टी, आतल्या बाजूला शिंग, बाहेरच्या बाजूला जनावरांचे स्नायुतंतू आणि हे सारे सरसाने चिकटवलेले, अशी ती रचना होती. शिंग दाब सहन करते, तंतू ताण सहन करतात, म्हणून आखूड कमानीतही मोठी ताकद साठते. सह्याद्रीसारख्या पावसाळी मुलखात मात्र दमट हवेने सरस सैल पडण्याचा धोका असे. साध्या शिकारीसाठी डोंगरातल्या माणसाचे हत्यार होते ते बांबूचा तिरकमठा. तो करायला सोपा, मोडला तर रानातच दुसरा करता येणारा.

या दोन्ही धनुष्यांत सगळी करामत पात्याच्या सामग्रीत होती. ॲलन यांनी पाते नव्हे, तर पाते आणि हात यांच्यामधला दुवा बदलला. शेकडो वर्षे धनुष्य करणाऱ्यांनी शिंग, लाकूड, तंतू आणि सरस यांत सुधारणा केली, पण ताणलेल्या दोरीचा पूर्ण भार हातावरच राहिला. तो भार चाकाकडे देणे ही ॲलन यांच्या शोधातील नवी गोष्ट होती.

शिकाऱ्यांनी नवे धनुष्य लगेच स्वीकारले का?

नाही. तारा आणि चाके लटकवलेले ते अवजड उपकरण अनेकांना धनुष्य वाटतच नव्हते. ॲलन यांना मोठ्या कंपन्यांपेक्षा साथ मिळाली ती टॉम जेनिंग्ज यांची. कॅलिफोर्नियातील जेनिंग्ज स्वतः धनुष्ये बनवत आणि तिरंदाजीच्या नियतकालिकात तांत्रिक लेखन करत. ॲलन यांचे धनुष्य तपासल्यावर त्यातील ताकद त्यांच्या लक्षात आली. परवाना घेऊन त्यांनी उत्पादन सुरू केले आणि कम्पाऊंड धनुष्य दुकानात पोहोचले.

विरोधाचा मुद्दा केवळ जुन्याच्या प्रेमाचा नव्हता. धनुष्यधारी शिकाऱ्यांना वेगळा आणि लांब हंगाम मिळत होता, कारण धनुष्य हे मर्यादित हत्यार होते. जवळ जावे लागते, वर्षानुवर्षे सराव लागतो आणि जनावराला निसटण्याची संधी राहते. नवे धनुष्य काही महिन्यांत शिकता येऊ लागले तर ही सवलत कशासाठी, असा प्रश्न उभा राहिला. काही राज्यांत सुरुवातीला त्याला परवानगी नव्हती. शिकारीच्या विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या पोप अँड यंग क्लबने भार उतरण्याच्या प्रमाणावर दीर्घकाळ ६५ टक्क्यांची मर्यादा ठेवली होती. दुसऱ्या बाजूचा युक्तिवादही तितकाच वजनदार होता. स्थिर हात आणि वेगवान बाण असेल तर जखमी होऊन पळणारी जनावरे कमी होतील.

नव्याकडे वळणाऱ्या शिकाऱ्याला काही गोष्टी सोडाव्याही लागत. जुन्या धनुष्याची दोरी पायात धरून, पाते वाकवून रानातच चढवता येते. कम्पाऊंडची दोरी बदलायला पाती दाबून धरणारे यंत्र लागते. जुने धनुष्य मित्राच्या हातात देता येते, कम्पाऊंड मात्र एकेकाच्या हाताच्या लांबीनुसार जुळवावे लागते. बाण न लावता दोरी सोडली तर पाती तडकू शकतात. बोटांऐवजी कळ दाबून दोरी सोडणारे उपकरण, दोरीत बसवलेले डोकावण्याचे भोक, नेमाची दांडी, असा सरंजाम वाढत जातो. शिवाय जुन्या धनुष्यावर कमावलेली सवय अडसर ठरते. ताण पूर्ण होताच बाण सोडण्याची घाई अंगात मुरलेली असते, इथे मात्र थांबून, श्वास आवरून, सावकाश सोडायचे असते.

तरीही बदल झपाट्याने झाला. १९७०चे दशक संपेपर्यंत अमेरिकी शिकारी धनुष्यांच्या बाजारात कम्पाऊंडने आघाडी घेतली होती आणि जुन्या नावाजलेल्या कंपन्याही चाकांची धनुष्ये विकू लागल्या होत्या.

पेटंटचा लाभ ॲलन यांना मिळाला का?

काही प्रमाणात मिळाला, पण भांडावे लागले. मागणी वाढली तसे अनेक उत्पादक याच कल्पनेवर धनुष्ये बनवू लागले. कोणी परवाना घेऊन स्वामित्वशुल्क देत होते, तर कोणी ही कल्पना नवी नाहीच, चाक आणि तरफ तर पूर्वीपासून आहेत, असे म्हणून पेटंटलाच आव्हान देत होते. ज्या जेनिंग्ज यांनी हे धनुष्य लोकांपर्यंत नेले, त्यांच्या कंपनीशीही स्वामित्वशुल्कावरून वाद होऊन प्रकरण न्यायालयात गेले. घरी खटपट करून काढलेल्या शोधाचे मोल ठरवायला वकील, साक्षी आणि रेखाचित्रांच्या फायली लागल्या.

हे खटले सुरू असतानाच १९७९ मध्ये मोटार अपघातातील जखमांमुळे ॲलन यांचा मृत्यू झाला. तेव्हा त्यांचे वय ६९ होते. त्या काळच्या अमेरिकी कायद्यानुसार पेटंटची मुदत मंजुरीपासून १७ वर्षांची असे, म्हणजे त्यांचे पेटंट १९८६च्या अखेरीस संपले. त्यांच्या नावाच्या कंपनीने लढवलेल्या एका मोठ्या दाव्यात फेडरल अपील न्यायालयाने पेटंट वैध असल्याचा निर्णय दिला तो १९८७ मध्ये. शोधावर शिक्कामोर्तब झाले, पण शोधक जाऊन आठ वर्षे लोटली होती.

शिकारीचे धनुष्य खेळात कसे आले?

लांब पल्ल्यावर अचूक नेम धरता येतो म्हटल्यावर स्पर्धा येणारच होती. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत कम्पाऊंड प्रकार पहिल्यांदा १९९५ मध्ये जकार्ता येथे आला. रिकर्व्हचे तिरंदाज ७० मीटरवरून नेम धरतात, तर कम्पाऊंडचे ५० मीटरवरून. लक्ष्य मात्र लहान असते. दहा गुणांचे वर्तुळ अवघे ८ सेंटिमीटर व्यासाचे. स्पर्धेत धनुष्याची ओढ ६० पौंडांपेक्षा जास्त चालत नाही. वैयक्तिक लढतीत १५ बाण, म्हणजे कमाल १५० गुण. एखादा बाण नऊच्या वर्तुळात गेला तरी सामना हातचा जाऊ शकतो. हात स्थिर ठेवण्याची सोय झाल्यामुळे खेळ सोपा झाला नाही, चुकीला असलेली जागा आकसली.

आशियाई क्रीडा स्पर्धेत हा प्रकार २०१४ मध्ये इंचिऑन येथे आला आणि भारतीय पुरुष संघाने सांघिक सुवर्ण जिंकले. बर्लिनमध्ये २०२३ साली अदितीने अंतिम फेरीत मेक्सिकोच्या आंद्रेया बेसेरावर १४९-१४७ अशी मात केली. तेव्हा ती १७ वर्षांची होती. मूळचा नागपूरचा असलेल्या ओजसने अंतिम लढतीत १५० पैकी १५० गुण मिळवले. साताऱ्यातील प्रशिक्षक प्रवीण सावंत यांच्याकडे दोघे घडले. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ओजसने तीन सुवर्णपदके जिंकली.

अडचण उरते ती खर्चाची. धनुष्य, बाण आणि इतर साहित्य परदेशातून येते आणि खर्च लाखांच्या घरात जातो. बांबूचा कमठा रानातून मिळत होता, हे धनुष्य शिष्यवृत्ती किंवा कर्जाशिवाय अनेक गुणी मुलांच्या आवाक्यात येत नाही.

मग गुंजवण्याच्या रानात हे धनुष्य शिकारीला चालेल का?

मुळीच नाही. अमेरिकी शिकाऱ्यांच्या चित्रफिती मोबाइलवर सर्रास दिसतात. त्यामुळे हा गैरसमज दूर होणे गरजेचे आहे. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ लागू आहे. शिकार म्हणजे केवळ ठार मारणे नव्हे. जखमी करणे, सापळ्यात पकडणे, त्यासाठी हाकारा करणे आणि तसा प्रयत्न करणे हेही शिकारीतच मोडते. हत्यार बंदूक आहे की धनुष्य, याने फरक पडत नाही. अधिनियमाच्या अनुसूचीतील प्राण्यांची शिकार हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे.

भातशेतीत रानडुकरे शिरली तरी शेतकऱ्याला परस्पर बाण चालवता येत नाही. पिकाच्या नुकसानीबद्दल वन विभागाकडे भरपाईचा अर्ज करणे हा मार्ग आहे. उपद्रवी प्राण्याबाबत काही कारवाई करायचीच असेल तर ती वन विभागाच्या परवानगीने, घालून दिलेल्या अटींनुसारच होऊ शकते.

ॲलन यांना पेटंट मिळाले त्यानंतर तीनच वर्षांनी, १९७२ मध्ये, भारताने हा कायदा केला. त्याच वर्षी म्युनिक येथे तिरंदाजी दीर्घ खंडानंतर ऑलिम्पिकमध्ये परतली, पण ती जुन्या पद्धतीच्या धनुष्यासह. चाकांच्या धनुष्याला मात्र ऑलिम्पिकचे दार बंदच राहिले. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने एप्रिल २०२५ मध्ये लॉस एंजेलिस २०२८ च्या कार्यक्रमात कम्पाऊंडची मिश्र सांघिक स्पर्धा समाविष्ट केली. जेनिंग्ज यांच्या कॅलिफोर्नियातच ती होणार आहे. ॲलन यांनी पेटंटसाठी अर्ज केला त्याला तोपर्यंत ६२ वर्षे झालेली असतील.